गळतीसाहेबांची गाडी

शहराच्या पाणीपुरवठा खात्यात गळती-निवारण विभागाचा प्रमुख असलेल्या माणसाच्या स्वतःच्या गाडीखाली रोज सकाळी पाण्याचं थारोळं साचावं, यापेक्षा मोठी नाचक्की त्या खात्यात तरी आजवर कुणाच्या वाट्याला आली नसेल.

कुठे नळ फुटला, जलवाहिनी तडकली, भर रस्त्यात कारंजं उडालं, की लोक ज्यांच्या नावाने खडे फोडत ते हे गृहस्थ. ऑफिसात, इमारतीत, आणि बायको चिडलेली असली की घरातही, त्यांना गळतीसाहेब म्हणत. त्यांची हरकत नव्हती. भिंतीवरची ओल नुसती बघून ती कुठल्या सांध्यातून आली हे ते सांगतात असा त्यांचा लौकिक होता. हा लौकिक बहुतांशी त्यांनीच पसरवला होता.

गाडी मूळची सासऱ्यांची. गोल नाकाची, फुगीर गालांची, गडद निळी. ज्या कंपनीने ती बनवली ती कंपनी केव्हाच निजधामाला गेली, गाडी मात्र चालत होती. डोळे दगा देऊ लागले तेव्हा सासऱ्यांनी ती जावयाच्या हवाली केली, आणि त्या वेळी जेवढ्या सूचना दिल्या तेवढ्या मुलगी देतानाही दिल्या नव्हत्या. "माझ्याकडे होती तोवर हिच्यातून एक थेंब जमिनीवर पडला नाही," हे वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं गेलं. पुढे प्रत्येक फोनचा शेवट त्यानेच होऊ लागला. फोन मुलीच्या तब्येतीसाठी असो की निवडणुकीच्या निकालासाठी, शेवटी थेंब यायचाच.

सासूबाई गेल्यापासून सासरे डोंगरापलीकडच्या आपल्या घरात एकटे राहत. गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात घसरून पडले आणि शेजारणीच्या लक्षात येईपर्यंत त्या गार फरशीवर तसेच पडून होते. तेव्हापासून बायकोच्या जिवाला घोर लागला होता. ती रोज फोन करून 'इकडे या' म्हणायची आणि ते रोज 'बघू' म्हणायचे. आणि एका सोमवारी ते एकाएकी 'येतो' म्हणाले.

"कायमचा येतो," ते म्हणाले. "पण माझ्या गाडीतून येईन. टॅक्सीत सामानासारखा बसून मुलीच्या दारात उतरणार नाही. रविवारी गाडी घेऊन या. आली तर आलो. नाही आली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

बायकोने फोन ठेवला आणि ओट्याला टेकून डोळ्यांना पदर लावला. बायको रडली की गळतीसाहेबांना काहीही कबूल करायची सवय होती. "अगं, त्यात काय एवढं? गाडी ठणठणीत आहे," ते म्हणाले. मग ते गुपचूप खाली गेले, गाडीखालचं थारोळं त्यांनी फडक्याने टिपून घेतलं आणि मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री मोठा बोलका माणूस होता. हाताने काम करण्यापेक्षा तोंडाने करण्यावर त्याचा भर असे. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाकडे बराच वेळ पाहिलं, आपल्या आधीच्या सगळ्या मिस्त्र्यांना नावं ठेवली आणि मग निदान सांगितलं.

"कोअर प्लग गेलाय, साहेब. इंजिन ओततात ना, तेव्हा त्याच्या अंगाला भोकं राहतात. त्यांना अशी वाटीसारखी पत्र्याची बुचं ठोकलेली असतात. आत पाणी फिरतं. डायनॅमोच्या मागचं बूच आतून गंजून चाळण झालंय. पाणी कुठलं घालता?"

"नळाचं."

"तरीच. नळाचं पाणी लोखंड खातं. गंजू नये म्हणून औषध मिळतं, ते घालायचं असतं पाण्यात. आपल्या शहराचं पाणी तर काही विचारू नका."

हे गळतीसाहेबांना फार लागलं. ते पाणी त्यांच्या खात्याचं होतं. त्याच्या शुद्धतेवर त्यांनी स्वतः शाळाशाळांतून भाषणं दिली होती. पाणी निर्दोष आहे, दोष असेल तर लोखंडात, असं त्यांनी मिस्त्रीला ऐकवलं. मिस्त्री 'बरं' म्हणाला, 'नवीन बूच घेऊन उद्या येतो' म्हणाला, आणि गेला. 'उद्या' म्हणजे आज नव्हे, एवढाच त्याच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ होता.

मंगळवार मिस्त्रीची वाट बघण्यात गेला. दरम्यान बातमी इमारतीभर झाली होती. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी जिन्यात गाठून सांगितलं, की रेडिएटरमध्ये अंड्याचा पांढरा बलक ओतायचा. पाणी तापलं की तो शिजतो आणि भोकात जाऊन बसतो. त्यांच्या भावाने असंच केलं होतं. भावाची गाडी पुढे किती दिवस चालली, हे विचारायचं गळतीसाहेबांना सुचलं नाही. त्यांनी अंडी आणली. बलक ओतून इंजिन चालू केल्यावर वाहनतळात उकडलेल्या अंड्याचा असा काही वास सुटला की आसपासची झाडून सगळी मांजरं गाडीभोवती बसली. गळती होती तशीच राहिली. उरलेल्या पिवळ्या बलकांचं काय करायचं हा प्रश्न बायकोने संध्याकाळी ताटात वाढून सोडवला.

बुधवारी प्रकरण ऑफिसात पोचलं. इमारतीच्या सेक्रेटरींच्या घरातला नळ ठिबकतो म्हणून गळतीसाहेबांनी मागे त्यांना खात्याची नोटीस दिली होती. ती गोष्ट सेक्रेटरींनी मनात जपून ठेवली होती. 'इमारतीच्या वाहनतळात दिवसेंदिवस पाणी वाया जात असून संबंधित अधिकारी डोळेझाक करीत आहेत,' अशी रीतसर तक्रार त्यांनी खात्याकडे केली. तक्रार खालच्या टेबलावरून वर सरकत सरकत संबंधित अधिकाऱ्यापुढे आली. संबंधित अधिकारी गळतीसाहेबच होते.

तक्रार आली की जागेची पाहणी झालीच पाहिजे, हा नियम त्यांनीच केला होता. त्यात 'तक्रार अधिकाऱ्याच्या सासऱ्यांच्या गाडीची असल्यास' असं पोटकलम घालायचं राहून गेलं होतं. कनिष्ठ अभियंता बाईंना त्यांनी पाठवलं. त्या नवीन होत्या आणि कामसू होत्या. जमिनीखालची गळती ऐकायची लांब लोखंडी सळई घेऊन त्या आल्या. सळईचं एक टोक फरशीला आणि दुसरं कानाला लावून त्यांनी सगळा वाहनतळ पालथा घातला. इमारतीतली मंडळी श्वास रोखून बघत होती. शेवटी बाईंनी सळईचं टोक गाडीच्या चाकाशी टेकवलं आणि साहेबांकडे पाहिलं.

"जलवाहिनी ठीक आहे, सर. गळती ग्राहकाच्या बाजूची आहे," त्या शक्य तितक्या हळू म्हणाल्या. सेक्रेटरींनी ते शक्य तितक्या मोठ्याने सगळ्यांना सांगितलं.

गुरुवारी मिस्त्रीचा फोन लागला. तो गावाबाहेर एका लग्नाच्या गाडीचं काम करत होता. नवीन बूच त्याने मिळवलं होतं, कुणाच्या तरी हाती पाठवतो म्हणाला, आणि बसवायला सोमवारी येतो म्हणाला. सोमवार म्हणजे रविवारनंतर. गळतीसाहेब घरी आले तेव्हा बायको बाबांसाठी मागच्या खोलीतली खाट हलवून खिडकीपाशी लावत होती. बाबांना सकाळचं ऊन हवं असतं, ती म्हणाली. न्हाणीघरात तिने धरायला दांडीही बसवून घेतली होती. गळतीसाहेबांनी त्या दांडीला हात लावून पाहिला. मग त्यांनी बाह्या सरसावल्या.

आता इथे त्यांच्या बाजूने एक सांगायला हवं. माणूस अडाणी नव्हता. जुन्या जलवाहिन्यांच्या सांध्यात शिसं भरलेलं असतं. सांधा पाझरायला लागला की शिशावर छिन्नी धरून हातोडीने नेमके ठोके घालायचे. शिसं आत चेपतं, गळती थांबते. तरुणपणी खड्ड्यात उतरून त्यांनी असे सांधे ठोकले होते आणि एकही पुन्हा पाझरला नव्हता. नवीन बूच येईल तेव्हा येईल, तोवर जुनंच जरा आत चेपून बसवावं, असा त्यांचा विचार होता. शुक्रवारी रजा टाकून त्यांनी डायनॅमो उतरवला. मागे ते बूच दिसलं, कडेने पाण्याचे मणी फुटलेलं. त्यांनी छिन्नी बरोबर मधोमध टेकवली आणि खात्याच्या पद्धतीने एक ठोका घातला.

टुप्प असा आवाज आला. बूच दिसेनासं झालं आणि त्या जागेवरून गंजाच्या रंगाचं पाणी गळतीसाहेबांच्या बनियनवर, तोंडावर आणि थोडं उघड्या तोंडातही आलं. त्याला उकडलेल्या अंड्याची चव होती. खालच्या फरशीवरून तो ओहोळ निघाला तो थेट सेक्रेटरींच्या स्कूटरपर्यंत गेला. बूच इंजिनाच्या पोटात पडलं होतं, आणि आता पाणी गळायचा प्रश्न मिटला होता, कारण आत पाणीच राहिलं नव्हतं.

ते तिथेच फरशीवर बसून राहिले. रविवारी बायको दाराशी उभी राहून बाबांना फोन करतेय आणि 'गाडी नाही येत' असं सांगतेय, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसलं. स्वतःची फजिती त्यांना पचली असती. हे पचणारं नव्हतं.

तळमजल्यावर दंतवैद्यांचा दवाखाना होता. खिडकीतून त्यांनी हे सगळं पाहिलं होतं. कुठल्याही पोकळीत काहीतरी अडकलंय म्हटल्यावर त्यांना राहवत नसे. खुर्चीतल्या पेशंटला तोंडात कापूस कोंबून त्यांनी तसंच बसवलं आणि आरसा, चिमटे आणि कपाळावरचा दिवा घेऊन बाहेर आले.

"बाजूला व्हा. तुम्ही हातोडी खाली ठेवा आधी," ते म्हणाले. भोकात छोटा आरसा घालून त्यांनी सवयीने विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

कपाळावरच्या दिव्याने आतला अंधार उजळला. दंतवैद्य मान वाकडी करत, स्वतःशी पुटपुटत आत धुंडाळू लागले. गाडीची निगा राखली नाही, कीड फार आहे, असं त्यांनी दोनदा सुनावलं. मग लांब चिमट्याच्या टोकाला काहीतरी लागलं. ते त्यांनी हळूहळू तिरकं करत भोकाच्या तोंडाशी आणलं आणि बाहेर काढलं. मध्ये खोक पडलेलं ते पत्र्याचं बूच पाहून गळतीसाहेबांना भरून आलं.

"थांबा," दंतवैद्य म्हणाले. "आत आणखी एक आहे."

"एकच पाडलं मी."

"असेल. पण आहे."

दुसरं बूच निघायला वेळ लागला. ते गंजून बिस्किटासारखं ठिसूळ झालं होतं, पण मधोमध पडलेली छिन्नीची खोक ओळखू येत होती. गळतीसाहेब ते तळहातावर घेऊन बघत राहिले. गाडीला मालक दोनच. एक ते. दुसऱ्याच्या हातून म्हणे एक थेंब जमिनीवर पडला नव्हता.

त्यांच्या आयुष्यात इतका आनंदाचा क्षण बढतीच्या वेळीही आला नव्हता. बूच दंतवैद्यांच्या हाती देऊन ते बायकोला सांगायला निघाले आणि जिन्याच्या तीन पायऱ्या धावतच चढले. मग ते थांबले. मागच्या खोलीतली खिडकीपाशी लावलेली खाट त्यांना आठवली. डोंगरापलीकडे एक म्हातारा माणूस बसला होता, ज्याची बायको गेली होती, नजर जात चालली होती, आता घरही जाणार होतं. त्याच्याजवळ स्वतःचं म्हणून मिरवायला एक वाक्य उरलं होतं. तेही काढून घ्यायचं गळतीसाहेबांच्या जिवावर आलं. ते मागे फिरले. तेवढ्यात काय झालं बघायला बायको लिफ्टने खाली आली होती, आणि दंतवैद्य तिला दोन्ही बुचं दाखवत होते.

"दोन कशी?" तिने विचारलं.

"दोन्ही माझीच," गळतीसाहेब म्हणाले. "एक मागे कधीतरी पडलं असेल."

"असं होय," बायको म्हणाली आणि त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. दंतवैद्यांनी मात्र 'रोज दोनदा दात घासतो' असं खोटं सांगणाऱ्या पेशंटकडे बघतात तसं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते दवाखान्यात निघून गेले.

मिस्त्रीने पाठवलेलं नवीन बूच शनिवारी आलं. सोबत फोनवरून सूचना आली, की साहेब, मध्ये मारू नका, बुचाच्या वाटीत बेताचा पाईप धरा आणि पाईपवर मारा, म्हणजे ठोका कडेवर बसतो. बेताचा पाईप गळतीसाहेबांच्या घरी नसता तर कुणाच्या असता? कडेला फट बुजवायचं लुकण लावून त्यांनी बूच सरळ बसवलं, हलक्या हाताने ठोकलं, डायनॅमो चढवला, पाणी भरलं. पाण्यात या वेळी औषधही घातलं, पण बाटली कुणाला दिसू दिली नाही. इंजिन तासभर चालवून त्यांनी गाडीखाली कोरा कागद ठेवला. कागद कोराच राहिला. तो कागद त्यांना सेक्रेटरींच्या दारावर लावावासा वाटला, पण बायकोने लावू दिला नाही.

रविवारी दोघं डोंगर ओलांडून पोचले तेव्हा सासरे घरच्या कपड्यांत, पायात चपला न घालता व्हरांड्यात बसले होते. आत कपाटं बंद होती. दोरीवर कपडे वाळत होते. बॅग कुठेच नव्हती.

"बाबा, सामान?" बायकोने विचारलं.

"गाडी येईल असं वाटलं नव्हतं," सासरे म्हणाले. "आणि आता लगेच कुठे निघता येतं? पेपरवाल्याला सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात बघू."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेल्या कपबश्या पुन्हा धुवायला लागली. तो आवाज बाहेर दोघांनाही ऐकू येत होता. सासरे काठी टेकत गाडीपाशी आले. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण हात न चुकता डायनॅमोच्या मागे गेला आणि बोट बुचाच्या कडेवरून फिरलं. बोट कोरडं निघालं.

"नवीन आहे," ते म्हणाले.

"हो."

"जुनं आत पाडलंत का?"

"पाडलं."

"मध्ये मारलं असणार. काढलं का बाहेर?"

"काढलं. दोन निघाली, बाबा."

सासरे सरळ उभे राहिले. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तिला कळलं?"

"दोन निघाली हे कळलंय. दोन्ही माझीच म्हणून सांगितलंय मी. इमारतीतही सगळ्यांना तेच माहीत आहे."

सासऱ्यांनी बॉनेटची कड धरली. मग म्हणाले, "त्या बुचाच्या भरवशावर होतो मी. ते कधी ना कधी जाणार, गाडी दारातून हलणार नाही, हे ठाऊक होतं. म्हणून तर गाडीची अट घातली. जावईबापू, दुसऱ्याच्या घरात माणूस सारखा काहीतरी विचारत बसतो. माझा चष्मा कुठे, माझी काठी कुठे, दिव्याचं बटण कुठे. त्याची भीती वाटते हो."

"आमच्या घरात मीही हेच विचारत असतो," गळतीसाहेब म्हणाले. "ती दोघांना एकदमच सांगेल."

सासऱ्यांनी बॉनेट स्वतः खाली आपटून बंद केलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली. "अगं, माझे लोकरीचे कपडे कुठल्या कपाटात आहेत? बॅगेत भरायचेत ना?"

आतला कपबश्यांचा आवाज थांबला.

निघेपर्यंत दुपार कलली. सासरे पुढे बसले, बायको मागे सामानाच्या गराड्यात. चढ सुरू झाला आणि अर्ध्यावर सासऱ्यांनी हवेत नाक वर केलं. तापलेल्या लोखंडाचा वास त्यांना इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या सुईच्या आधी आला होता. गळतीसाहेबांनी सुईकडे पाहिलं. ती सावकाश लाल रेघेकडे निघाली होती.

"मागच्या अंगाला अजून एक बूच आहे," सासरे ओठ न हलवता म्हणाले.

"आता सांगताय?"

"हळू बोला." मग घसा साफ करून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "जरा थांबू या का कुठे? चहाची तलफ आलीय मला."

"मलाही," गळतीसाहेब घाईने म्हणाले आणि समोर दिसलेल्या टपरीपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"प्या तुम्ही दोघं निवांत," मागून बायको म्हणाली. "गाडी निवली की पाणी मी घालते." तिने पायांमधून पाण्याचा भरलेला डबा उचलून मांडीवर घेतला.

दोघांनी मागे वळून पाहिलं. "हा डबा कशाला आणलास?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही मला शाळेत सोडायचात तेव्हा रोज माझ्या पायाशी हा डबा असायचा," ती म्हणाली. "मला कितीतरी वर्षं वाटायचं, सगळ्यांच्याच गाडीत असतो."

सासरे आणि जावई एकमेकांकडे न बघता खाली उतरले आणि मुकाट्याने चहा प्यायला गेले.